पुनमच्या दारात, स्वतःच्या विजेवर

९ फेब्रुवारी, रविवार

बसली बॅटरी! दुसऱ्याच रात्री बसली! चार दिवस राहायचं म्हणून पुनमकडे गेलो होतो, आणि आज दुपारी मेहरूणला आमच्या घरात पुन्हा आपला तोच वरण-भात.

ह्यांनी काय केलं, घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी उचलून डबीत ठेवली. डबी म्हणजे आमचा ट्रेलर. बोलेरोच्या मागे लावायचं चाकांवरचं घर, धुळ्याला बांधून घेतलेलं. नाव मी ठेवलं. ह्यांना आवडलं नव्हतं, आता स्वतःच डबी डबी करतात. तर मी म्हटलं होतं, अहो, ती बॅटरी म्हातारी झालीय. 'काही नाही होत, दणकट आहे.' दणकट! उचलताना कंबर तेवढी दणकली. बंद डबीत ॲसिडचा वास, गाडी खड्ड्यात गेली की माझा जीव खाली-वर. आणि दुसऱ्या रात्री ह्यांचं श्वासाचं मशीन टूं टूं करून बंद! ते नाकाला लावलेलं नसलं की हे झोपेत श्वास घ्यायचंच विसरतात. डॉक्टरांनी बजावलंय, एक रात्रसुद्धा चुकवायची नाही. मग काय, हे बसून, म्हणून मीही बसून.

आणि समोर पुनमच्या ओट्यावर विजेचं बटण! जावई बिचारे लाल एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आले. 'मामा, नुसती पिन लावा ना.' ह्यांनी वायरची नीट गुंडाळी केली आणि परत दिली. 'राहू द्या हितेंद्रराव.'

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही! ही ह्यांच्या घरची रीत. आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली, आता हे. पुनमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. सहा वर्षं हा माणूस लेकीच्या अंगणात उभ्याने बोलतो आणि गाडीत बसून बाटलीतलं पाणी पितो. म्हणून तर डबी घेतली. आपलं पाणी, आपला गॅस, आपलं पीठ, आपली वीज. वीज का, तर म्हणे 'वीज पाण्यापासूनच होते.' घ्या! मी तीस वर्षं वीज कंपनीत बिलं काढली, असला कायदा कुठे वाचला नाही.

मी पिते हो तिच्याकडे चहा. मला रीत नाही का? आहे. पण मला तहानही आहे.

११ फेब्रुवारी

हिशेब झाला. रोजचं एक युनिट!

मशीन, दोन पंखे, दिवे, मोबाइल, पाण्याची छोटी मोटर, सगळं धरून एक. एवढंसं! आणि ह्या एका युनिटासाठी आम्ही लेकीच्या दारातून पळून आलो. मशीनची वाफेची पेटी बंद ठेवली तर अजून वाचेल. हे म्हणाले, 'नाक सुकतं.' म्हटलं, सुकू दे, पुनमच्या शिरपूरला तूप मिळतं.

१५ फेब्रुवारी

धुळ्याला जाऊन आलो. बॅटरीचं दुकान, दुकानदार तेजस म्हणून आहे, आमच्या पुनमच्याच वयाचा. सुरुवातीला तो सगळं ह्यांच्याकडे बघून सांगत होता. मी दोन प्रश्न विचारले तसा वळला माझ्याकडे.

आज इतकं शिकले की डोकं भणभणतंय. ॲसिडच्या बॅटरीवर शंभर लिहिलं म्हणून शंभर काढायचे नाहीत. निम्मे काढायचे. त्याखाली वारंवार नेली की ती लवकर मरते. म्हणजे हंडा भरून आणायचा आणि अर्धाच वापरायचा! आमच्या म्हातारीचं तेच झालं, आम्ही तळ खरवडला. दुसरी जेलची. सांडत नाही, वास नाही, पण वजन तेवढंच आणि निम्म्याचाच नियम. तिसरी लिथियम. मी एका हाताने उचलली! खरंच! तेजस हसला. तिच्यातलं जवळजवळ सगळं वापरता येतं, भरतेही भराभर. नखरे मात्र आहेत. जुना चार्जर चालत नाही. चालत्या बोलेरोतून भरायची तर मध्ये एक वेगळी पेटी लावायची, नाहीतर गाडीचा डायनॅमो तापतो. आणि उन्हात तापलेल्या पेटीत ठेवायची नाही, पलंगाखाली सावलीत ठेवायची.

किंमत ऐकून हे बाहेर गेले, पान खाऊन आले.

१६ फेब्रुवारी

ह्यांचं नवीन खूळ — ई-रिक्षाची जुनी बॅटरी. 'स्वस्तात देतोय उखर्डू.' उखर्डू म्हणजे ह्यांचा बोदवडचा मित्र, ज्याच्याकडे जगातली प्रत्येक वस्तू वापरलेली आणि स्वस्तात असते. मी सरळ विचारलं, ती रिक्षावाल्याने का काढून टाकली? 'असंच.' असंच कोणी काही काढून टाकत नाही! ज्या बॅटरीवर तुमचा रात्रीचा श्वास आहे ती मी उखर्डूकडून घेणार नाही, मग तो फुकट देवो.

गाल फुगवून बसलेत. बसू देत.

१ मार्च

आली! लिथियम आली! पलंगाखाली बसवली, वरच्या टपावर सोलरच्या पाट्या. मोबाइलवर टक्के दिसतात! मी दर पाच मिनिटांनी बघते. हे म्हणतात, 'बाळाला ताप आल्यासारखं काय बघतेस सारखं.'

पूजा करायची म्हणून हे तांब्या आणि नारळ घेऊनच आले डबीत. वरून पाणी शिंपडणार, तिथेच नारळ फोडणार! गेल्या दसऱ्याला असंच करून मिक्सरचं वाटोळं केलंय. मी आडवी आले. नारळ बाहेर दगडावर फोडला, बॅटरीला लांबून हळदीकुंकू. तिच्या तारांना बोटसुद्धा लावू दिलं नाही.

१५ मार्च, शनिवार

पुनमकडे! शिरपूरच्या पुढे, सातपुडा समोर, जावयांची केळी हिरवीगार. डबी कडुनिंबाखाली लावली. पुनम धावत आली आणि आधी डबीतच शिरली. पलंगाखाली वाकून बघते काय, पंखा लावून बघते काय! 'आई, तुम्ही तर हॉटेलच आणलं!' आमच्या माठातलं पाणी प्याली, माझ्या डब्यातली शेव खाल्ली. तिला चालतं, रीत फक्त एका बाजूने आहे.

१६ मार्च

सकाळी उठल्याबरोबर टक्के बघितले. काल दिवसभर इतकं कडक ऊन, आणि बॅटरी भरलीच नाही! वर चढून पाहिलं तर काय, पाट्यांवर कडुनिंबाची सावली. अगदी गार! स्वतःला सावली हवी म्हणून झाडाखाली घुसलो आणि पाट्यांनाही झोपवलं. डबी उन्हात काढावी तर आतली माणसं भाजतील.

मग डोकं चाललं. ह्यांना टपावर चढवलं, दोन पाट्या सोडवल्या, लांब वायर लावली आणि बाहेर उन्हात ठेवल्या. आता सूर्य सरकला की मी पापडासारख्या फिरवते. टक्के चढायला लागले! मी अंगणात टाळ्या वाजवल्या. विहीणबाई भिकुबाई ओट्यावरून हसत होत्या.

जावई म्हणाले, 'मामा, शेतातल्या सोलर पंपाच्या पाट्या रिकाम्याच आहेत दुपारी, त्यावरून घ्या.' मी म्हटलं, अहो हितेंद्रराव, तिथला विजेचा दाब आमच्या चार्जिंगच्या पेटीला झेपायचा नाही, धूर निघेल. ह्यांचं कारण वेगळंच. 'ऊन देवाचं, पण पाट्या जावयाच्या.'

मी विचारलं, आणि आपल्या पाट्या ज्या जमिनीवर ठेवल्यात ती?

'जमीन भूमातेची.'

मी वादच सोडला.

१७ मार्च

भिकुबाई आल्या होत्या डबीच्या दारात. मोकळ्या मनाची बाई. पदराखाली वाटी झाकून आणलेली, आत गरम शेवभाजी. ह्यांना म्हणाल्या, 'बठ्ठं घर तुमनंच शे भाऊ, मंग बाहेर कसाले बसतस?' घर सगळं तुमचंच म्हणे! हे हात जोडून हसले. वाटी मी घेतली. ह्यांनी वासावर भाकरी खाल्ली.

१८ मार्च

आज चौथा दिवस आणि बॅटरी अजून निम्म्याच्या वर! चौथा दिवस! ह्यांनी सकाळी उठून आरशात बघत म्हटलं, 'झोप काय लागली!' आम्ही दोघं लहान पोरांसारखे खूष. लेकीच्या अंगणात चार दिवस, आणि कोणाचा एक पैसा नाही, एक थेंब नाही!

दुपारी पुनम माझ्या शेजारी येऊन पडली. पंखा चालू होता. छताकडे बघत म्हणाली, 'आई, आम्ही थांबलो.' मला कळेना. 'दवाखाना थांबवला. नाशिकचंही झालं, सगळं झालं. डॉक्टरीणबाईंनी पण सांगितलं, आता शरीराला त्रास देऊ नका. आम्ही दोघांनी ठरवलं. मूल नाही होणार मला.' आवाज साधा होता, भाजीला काय आणू विचारतात तसा. 'सासूबाईंना सांगितलंय. त्या रडल्या, मग मला जेवायला वाढलं. आबांना तू सांग.'

मी तिचे केस विंचरून दिले. पोरगी माझी! काय काय एकटीने सोसलं असेल.

१९ मार्च

परतताना गाडीत सांगितलं ह्यांना. चोपड्याजवळ एका रसवंतीपाशी गाडी थांबवली, रस घेतला नाही, तसेच बसले. नंतर म्हणाले, 'अजून एक बॅटरी लावता येईल का गं तिच्या जोडीला?'

मी म्हटलं, येईल.

'मग आठ-दहा दिवससुद्धा राहता येईल पोरीजवळ.'

मला इतकं बरं वाटलं! ह्या माणसाला बोलता येत नाही, पण लेकीजवळ जास्त राहायचं एवढं कळलं. हेही नसे थोडके.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि दुसरी बॅटरी बसवली. मुहूर्ताची खरेदी! तेजसने सांगितलं होतं, जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्या काकू, एक भरलेली एक रिकामी अशा जोडू नका. तसंच केलं. पाटीही एक वाढवली, सुटी, घडीची, उचलून नेता येईल अशी. ढग आले तरी तीन दिवस पंखे बंद करायची गरज नाही. मी अक्षरशः नाचले. वयाला शोभत नाही म्हणे! कोणाला बघायचंय इथे?

६ एप्रिल

पुनमचा फोन. याही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येत नाही म्हणाली. तिसरं वर्ष. आखाजीला लेक माहेरी नाही म्हणजे खान्देशात काय वाटतं ते कोणाला सांगायचं! सगळ्या गल्लीच्या मुली येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या खातात. पण तिचंही खरं आहे. झोक्यापाशी गेली की बायका पोटाकडे बघतात आणि मग तोंडाकडे. 'काही विशेष?' विशेष! एकेकीची जीभ हासडावीशी वाटते.

हे म्हणाले, 'ती येत नसेल तर आपण जाऊ आखाजीला.'

लेकीने माहेरी यायचं ते सोडून माहेरच निघालं लेकीकडे! गावात कोणी ऐकलं तर हसतील. हसू देत. मी आत्ताच सांजोऱ्यांचा रवा भाजायला घेतलाय.

२४ एप्रिल

आलो! डबी पुन्हा कडुनिंबाखाली, पाट्या उन्हात, बॅटऱ्या पलंगाखाली गार. बाहेर नुसता जाळ, चव्वेचाळीस! आत दोन्ही पंखे. मशीनची वाफेची पेटीही चालू केली ह्यांच्यासाठी, आता काय, श्रीमंती आहे! पुनमसाठी कडुनिंबालाच झोका बांधला. विहीणबाई पण बसल्या. एवढी जाडजूड बाई, फांदी करकरली, आम्ही पोट धरून हसलो.

२६ एप्रिल

दुपारपर्यंत बॅटऱ्या भरून जातात आणि पाट्या उगीच उन्हात पडून राहतात. आज ह्यांनी गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना बोलावून सगळं दाखवलं. 'महिना राहू शकतो आम्ही, महिना! कोणाच्या घराची पायरी न चढता.' म्हातारे मान डोलवत होते. मलाही छाती फुगवावीशी वाटली, हिशेब माझा ना!

पुनम ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

२८ एप्रिल

लिहवत नाही पण लिहिते.

पुनमने मला स्वयंपाकघरात चहा दिला. कप हातात दिला आणि तशीच उभी राहिली. 'आई, एक विचारू? आधी तुमची बॅटरी दोन दिवस चालायची. मग चार दिवस. आता आबा म्हणतात महिना.' मी हसून म्हटलं, मग चांगलंच आहे की! ती म्हणाली, 'मूल झाल्यावर आबा माझ्या घरचं पाणी पितील, एवढ्यावर सहा वर्षं काढली मी. आता ते होणार नाही. आणि तुम्ही अजून मोठी बॅटरी घेऊन आलात. म्हणजे आबा या घरात कधीच येणार नाहीत ना? मूल नाही तर मी त्यांची लेक पण अर्धीच?'

कप माझ्या हातात गार झाला. काय मूर्ख बाई आहे मी! युनिटं मोजत बसले, टक्के बघून टाळ्या वाजवल्या, आणि पोरीला रोज तिच्याच दारात काय दाखवत होतो आम्ही? की बघ, आम्हाला तुझं काही लागत नाही!

२९ एप्रिल

ह्यांना सांगितलं. चांगलं रागाने सांगितलं. म्हटलं, तुमची रीत ठेवा तुमच्या आजोबांच्या फोटोपाशी. पोर उपाशी आहे तुमच्या एका घोटासाठी. तुम्ही गावाला पाट्या दाखवता, तेव्हा तिची मान खाली असते, बघितलंत कधी?

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. पाटीवरची धूळ फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, 'तुला वाटतं मी हट्टाने करतोय. सुनंदा, मी एवढंच तर करू शकत होतो तिच्यासाठी. दवाखान्याचं मला कळत नाही. मी म्हटलं, आपण पाळू, कडक पाळू, देव बघेल. लाइटसुद्धा घेतली नाही. आता मी पाणी प्यायलो म्हणजे मीही आस सोडली असं होईल ना? ती थांबली, हितेंद्रराव थांबले. निदान बापाने तरी थांबू नये.'

चाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर राहतेय आणि मला हे माहीत नव्हतं. मग एवढंच म्हटलं, ती नातवासाठी नाही हो तुम्हाला बोलावत. स्वतःसाठी बोलावते आहे.

हे उठून पाटी सरकवायला गेले, ऊन कलल्यावरसुद्धा तिथेच उभे.

३० एप्रिल, आखाजी

दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या होत्या, माठ भरलेला होता. तरी हे सकाळी अंघोळ करून, टोपी घालून पुनमच्या स्वयंपाकघरात गेले, खाली बसले आणि म्हणाले, 'पुनम, पानी दे वं माय.' पहिला पेला तिच्या हातून सांडला. दुसरा ह्यांनी सगळा प्यायला.